कंपनीच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की मशीनपण थांबतं! मालवेअरपासून कारखाना कसा वाचवायचा? वाचा सविस्तर

पारनेर, श्रीगोंदा आणि नगर तालुक्यातल्या गावांमधून रोज पहाटे कंपन्यांच्या बस निघतात. कोणी सुप्याला जातं, कोणी रांजणगावला, कोणी नगरच्या नागापूर एमआयडीसीत. दोन-तीन एकरात दोन भावांचं भागत नाही, म्हणून एकाने शेती बघायची आणि दुसऱ्याने पगार आणायचा, असं गणित आता बऱ्याच घरांत बसलेलं आहे.

कंपनी बंद राहण्याची जुनी कारणं आपल्याला पाठ आहेत. लाईट नाही, ऑर्डर नाही, माल आला नाही. त्यात आता एका कारणाची भर पडली आहे, ते म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं मालवेअर. बॉयलर ठीक, मशीन ठीक, कामगार हजर, पण कॉम्प्युटर उघडत नाही म्हणून सगळं ठप्प. हे ऐकायला लांबचं वाटतं, पण ते आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आहे.

मालवेअर म्हणजे काय, ते कारखान्यात कुठून शिरतं, मालकाने आणि कामगाराने काय काळजी घ्यायची आणि एवढं करूनही घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं, याची माहिती या लेखात दिली आहे. छोटं वर्कशॉप, जिनिंग मिल, दूध संकलन केंद्र किंवा गुऱ्हाळ चालवणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

आमच्याच घरातली गोष्ट

माझा पुतण्या आयटीआय करून एका जॉबवर्कच्या युनिटमध्ये सीएनसी मशीनवर कामाला आहे. पंचवीस-तीस माणसांचं युनिट. मालक मेहनती माणूस, त्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही.

एका सोमवारी सकाळी ऑफिसमधला कॉम्प्युटर चालू केला तर एकही ड्रॉईंग उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच इंग्रजी अक्षरं लागलेली. सोबत एक चिठ्ठी, तीही इंग्रजीत. तुमच्या फाईली कुलूपबंद केल्या आहेत, चावी पाहिजे असेल तर पैसे भरा, असा तिचा मतलब. सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम त्याच कॉम्प्युटरवरून जायचे. जीएसटीचा हिशेब, बिलं, पगारपत्रक सगळं त्यातच. बॅकअपसाठी घेतलेली हार्डडिस्क होती, पण ती कायम त्याच कॉम्प्युटरला मागून लावलेली असायची. मग काय, तिच्यातल्या फाईलीपण कुलूपबंद झाल्या.

आता हे केलं कोणी? संशय आला माझ्या पुतण्यावर, कारण शनिवारी त्याने पेन ड्राईव्ह लावलेला एकाने बघितला होता. त्याला घरी बसवलं. घरी येऊन म्हणाला, "तात्या, पेन ड्राईव्ह माझाच होता, पण त्यात नुसती गाणी होती हो." दोन दिवस पोरगं नीट जेवलं नाही.

चौथ्या दिवशी पुण्याहून जाणकार माणूस आला. त्याने तपासल्यावर खरं कारण सापडलं. ड्रॉईंगचं महागडं सॉफ्टवेअर विकत न घेता फुकटात चालावं म्हणून ऑफिसमधल्याच कोणीतरी इंटरनेटवरून त्याचं 'क्रॅक' उतरवून घेतलं होतं. व्हायरस त्या क्रॅकच्या पोटात होता. पुतण्याला परत बोलावलं. पण तोपर्यंत नऊ दिवस काम बंद राहिलं. कंत्राटी पोरांना त्या दिवसांची हजेरी मिळाली नाही आणि एका पार्टची ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरकडे गेली ती गेलीच.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती काढायला लागलो. नुकसान झाल्यावर बोट बहुतेक वेळा मशीनवरच्या माणसाकडे जातं. म्हणून हा विषय मालकाने जेवढा समजून घ्यायला हवा, तेवढाच मशीनवर उभ्या असलेल्या माणसानेही.

मालवेअर म्हणजे नेमकं काय?

वाईट हेतूने बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर म्हणजे मालवेअर. आपण सरसकट सगळ्याला व्हायरस म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत.

• व्हायरस : दुसऱ्या फाईलला चिकटून येतो. ती फाईल उघडली की पसरतो.

• वर्म : याला कोणी फाईल उघडायची गरज नाही. तांबेरा जसा एका पानावरून दुसऱ्या पानावर आपोआप जातो, तसा हा नेटवर्कमधून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो.

• ट्रोजन : बोगस बियाण्याच्या पिशवीसारखा प्रकार. वर छाप चांगल्या कंपनीचा, आत भलतंच. फुकटचं सॉफ्टवेअर, बिलाची फाईल किंवा ॲप म्हणून येतो.

• स्पायवेअर : गुपचूप बसून पासवर्ड, बँकेची माहिती, कंपनीची ड्रॉईंग बाहेर पाठवतो.

• रॅन्समवेअर : फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतं. कारखान्यांचं आज सगळ्यात जास्त नुकसान हेच करतं. आता तर बऱ्याच टोळ्या आधी माहिती चोरतात आणि मग कुलूप लावतात. पैसे दिले नाहीत तर माहिती बाहेर फोडू, अशी दुहेरी धमकी देतात.

कारखान्यात धोका जास्त का?

घरातला कॉम्प्युटर बिघडला तर फोटो जातील. कारखान्यात कॉम्प्युटर दोन जागी असतात. एक ऑफिसात, जिथे मेल, बिलं आणि हिशेब चालतो. दुसरा शॉप फ्लोअरवर, जिथे तो मशीन चालवतो. सीएनसीचा कंट्रोलर, पीएलसी, ऑपरेटरसमोरचा टच स्क्रीन, वजनकाटा, बारकोड स्कॅनर, सीसीटीव्ही, हजेरीचं बोटाचं मशीन, हे सगळे एका अर्थाने कॉम्प्युटरच आहेत.

अडचण अशी की मशीन घेतलेलं असतं पंधरा-वीस वर्षांसाठी आणि त्यातल्या विंडोजचं आयुष्य असतं दहा-बारा वर्षांचं. विंडोज एक्सपीला कंपनीने सुरक्षा अपडेट देणं एप्रिल २०१४ मध्ये थांबवलं, विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी जुन्या मशीनवर जुनी विंडोज चालूच असते, कारण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. शिवाय तीन शिफ्ट चालणारं मशीन अपडेटसाठी बंद कोण करणार? अपडेट लांबणीवर पडतं आणि फट तशीच राहते.

जगात काय काय घडलं?

या घटना मोठ्या कंपन्यांच्या आहेत, पण प्रत्येकीत छोट्या युनिटला घेण्यासारखं काहीतरी आहे.

वॉनाक्राय, मे २०१७ : १२ मे २०१७ ला हा रॅन्समवेअर वर्म सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरपर्यंत पोचला. रेनॉ कंपनीला फ्रान्समधले काही कारखाने थांबवावे लागले. चेन्नईजवळच्या रेनॉ-निस्सानच्या कारखान्यालाही फटका बसला. महिनाभराने, जूनमध्ये, जपानमधला होंडाचा सायामा कारखाना याच वर्ममुळे एक दिवस बंद ठेवावा लागला. त्या एका कारखान्यातून दिवसाला सुमारे एक हजार गाड्या निघत. ज्या फटीतून वॉनाक्राय शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते टाकलं त्यांचे कॉम्प्युटर या वर्मपासून वाचले.

नॉटपेट्या, जून २०१७ : युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर खूप वापरलं जायचं, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच मालवेअर घुसवलं. २७ जूनला ते फुटलं आणि जगभर पसरलं. मर्क ही औषध कंपनी, मॉन्डेलीज ही खाद्यपदार्थांची कंपनी, सेंट गोबेन ही काच आणि बांधकाम साहित्याची कंपनी, अशा मोठमोठ्या उत्पादकांना झळ बसली. मेर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज ठप्प झालं आणि तिच्याच समूहाकडे असलेलं आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनलही अडकलं. आपल्या भागातला कांदा आणि द्राक्षं ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे जेएनपीटी.

मेर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यात सगळ्या कॉम्प्युटरची ओळख सांभाळणारे मुख्य सर्व्हर जगभरात पुसले गेले होते. फक्त एक वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता! त्यातली माहिती माणसाच्या हाताने विमानाने इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून पुन्हा सगळं उभं केलं. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या, इथे मात्र त्यानेच तारलं. यातून घ्यायचं ते एवढंच, की जी प्रत जोडलेली नव्हती तीच वाचली.

टीएसएमसी, ऑगस्ट २०१८ : तैवानची ही कंपनी मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या चिप बनवते. कारखान्यात नवीन मशीन आलं. व्हायरसची तपासणी न करताच ते नेटवर्कला जोडलं गेलं. त्यात वॉनाक्रायचाच एक प्रकार होता. हां हां म्हणता तीन ठिकाणचे कारखाने अडकले आणि पूर्ववत व्हायला तीन दिवसांच्या आसपास लागले. बाजारातून आणलेलं जनावर आपण लगेच गोठ्यात बांधत नाही. लाळ्या-खुरकूत नाही ना, हे बघून, चार दिवस बाजूला बांधून मगच आत घेतो. नव्या मशीनलाही तोच नियम लागतो.

नॉर्स्क हायड्रो, मार्च २०१९ : नॉर्वेची ॲल्युमिनियम कंपनी, सुमारे ३५ हजार कामगार, ४० देशांत काम. १९ मार्चला रॅन्समवेअरने घेरलं. सुरुवात झाली होती ओळखीच्या ग्राहकाकडून आलेल्या एका मेलच्या फाईलपासून. कंपनीने खंडणी द्यायला नकार दिला. दारांवर हाताने लिहिलेल्या सूचना चिकटवल्या, की कॉम्प्युटर नेटवर्कला जोडू नका. कागदावर ऑर्डरी लिहून, जुन्या जाणत्या माणसांना विचारून, हाताने मशीन चालवून काम पुढे रेटलं. बॅकअप शाबूत होता म्हणून हळूहळू सगळं परत आलं. तरी पहिल्या सहामाहीतलं नुकसान ५५ ते ६५ कोटी नॉर्वेजियन क्रोन होईल असा कंपनीचा अंदाज होता.

कोजिमा आणि टोयोटा, मार्च २०२२ : आपल्या एमआयडीसीतल्या व्हेंडर लोकांनी ही घटना नीट वाचावी. कोजिमा ही टोयोटाला प्लास्टिकचे पार्ट पुरवणारी जपानमधली कंपनी. तिच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला आणि १ मार्च २०२२ ला टोयोटाला जपानमधले आपले सगळे १४ कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले. सुमारे १३ हजार गाड्यांचं उत्पादन हुकलं. हल्ला पुरवठादारावर झाला आणि गाड्या टोयोटाच्या थांबल्या. तेव्हापासून व्हेंडरची कॉम्प्युटर सुरक्षा कशी आहे, हे मोठ्या कंपन्या जास्त बारकाईने बघतात. ऑडिटला आलेल्या साहेबाने उद्या हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार पाहिजे.

मालवेअर शिरतं कुठून?

१. मेलमधून आलेली फाईल किंवा लिंक. 'पर्चेस ऑर्डर', 'थकीत बिल', 'जीएसटी नोटीस', 'कुरिअर' अशी नावं असतात. हिशेबाचं काम बघणारी व्यक्ती घाईत उघडते.

२. क्रॅक केलेलं, चोरीचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे झालं ते असं.

३. पेन ड्राईव्ह. इराणमधल्या नतांझच्या अणुप्रकल्पात स्टक्सनेट नावाचं मालवेअर शिरलं ते पेन ड्राईव्हच्या मार्गाने, असं मानलं जातं. २०१० मध्ये ते उघडकीला आलं. तिथली यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीसुद्धा नव्हती. आमच्या मशीनला इंटरनेटच नाही, मग भीती कशाची, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. लांबून मशीन दुरुस्त करण्याची सोय. मशीन कंपनीचा इंजिनिअर पुण्यात किंवा चेन्नईत बसून स्क्रीन हातात घेतो. काम झाल्यावर ते दार उघडंच राहतं.

५. सोपे पासवर्ड. '१२३४', 'ॲडमिन', कंपनीचं नाव, किंवा कॅमेऱ्याचा आणि राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणं.

६. मोबाईल. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान, आरटीओ चलन अशा नावांनी एपीके फाईली फिरतात, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे. तोच फोन चार्जिंगसाठी कंपनीच्या कॉम्प्युटरला लावला किंवा ऑफिसच्या वायफायला जोडला, तर घरातला धोका कंपनीत जातो.

मालकाने आणि मॅनेजरने काय करावं?

खूप खर्चाच्या गोष्टी नंतर. आधी ज्याला पैशापेक्षा शिस्त जास्त लागते ते बघू.

यादी करा : युनिटमध्ये किती कॉम्प्युटर, किती मशीन, कोणत्या मशीनवर कुठली विंडोज, कुठे इंटरनेट आहे, हे एका वहीत लिहा. आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसेल तर राखणार काय? ही यादी करताना कोपऱ्यातला एखादा विसरलेला जुना कॉम्प्युटर हमखास सापडतो.

बॅकअप तीन ठिकाणी : जाणकार लोक ३-२-१ चा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक युनिटच्या बाहेर. घरचं बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे. हिशेबाच्या आणि ड्रॉईंगच्या फाईलींसोबत सीएनसीचे प्रोग्रॅम, पीएलसीचा प्रोग्रॅम आणि मशीनचे पॅरामीटर यांचीही प्रत ठेवा. ते गेले तर मशीन कंपनीचा माणूस येईपर्यंत मशीन नुसतं लोखंड आहे. बॅकअप घेऊन झाला की हार्डडिस्क काढून कपाटात ठेवा. आणि महिन्यातून एकदा त्यातली फाईल खरंच उघडते का ते बघा. विहिरीवर मोटार बसवली म्हणजे पाणी आलं असं नसतं, चालू करून बघावी लागते.

अपडेट : ऑफिसच्या कॉम्प्युटरला अपडेट आपोआप येऊ द्या. शॉप फ्लोअरच्या मशीनला मात्र मशीन कंपनीला विचारून, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आधी बॅकअप घेऊन मगच टाका. न विचारता टाकलेल्या अपडेटनेही मशीन बंद पडू शकतं.

ऑफिस आणि मशीन वेगळे ठेवा : पाटाला जागोजाग दारं असतात, म्हणून एका वावरात पाणी फुटलं तरी सगळं शिवार बुडत नाही. नेटवर्कलाही तशी दारं घालता येतात. ऑफिसचं नेटवर्क वेगळं, मशीनचं वेगळं, कॅमेऱ्यांचं वेगळं, पाहुण्यांचं आणि कामगारांच्या मोबाईलचं वायफाय वेगळं. मध्ये फायरवॉल. हे काम नेटवर्कची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

जुनी विंडोज बदलता येत नसेल तर : त्या मशीनला इंटरनेट देऊ नका, त्यावर मेल उघडू नका, नको ते यूएसबी पोर्ट बंद करा. ठरवून दिलेली सॉफ्टवेअर सोडून दुसरं काही चालूच होणार नाही, अशी सोयही करता येते. मशीनचं काम ठरलेलं असल्याने ही सोय तिथे चांगली बसते.

पासवर्ड आणि ओटीपी : प्रत्येकाचं वेगळं लॉगिन ठेवा. मेल, बँक आणि लांबून जोडण्याच्या सोयीला पासवर्डसोबत ओटीपी किंवा ॲपची मंजुरी लावा. अमेरिकेतल्या कॉलोनियल पाईपलाईन या इंधन कंपनीवर मे २०२१ मध्ये झालेल्या हल्ल्यात हल्लेखोर शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्याच्या पासवर्डने. त्या खात्याला दुसरी मंजुरी लावलेली नव्हती. काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करा.

लांबून दुरुस्तीचं दार : इंजिनिअरचा फोन आल्यावर, त्याची खात्री करूनच चालू करा आणि काम झालं की बंद करा. कधी, कोणी, कशासाठी वापरलं हे वहीत लिहा.

अँटीव्हायरस : विकत घ्या, चालू ठेवा, त्याची मुदत संपू देऊ नका. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. नवीन निघालेला व्हायरस त्याला ओळखू येईलच असं नाही.

पेन ड्राईव्हचा नियम : कंपनीचे दोन-तीनच पेन ड्राईव्ह ठेवा, त्यांना नंबर द्या. बाहेरून आलेला कुठलाही पेन ड्राईव्ह आधी एका वेगळ्या कॉम्प्युटरवर तपासा. ग्राहकाचा असो, मशीन कंपनीच्या इंजिनिअरचा असो की मालकाच्या मुलाचा, नियम सगळ्यांना एकच.

मशीनवरच्या माणसाने काय करावं?

• स्वतःचा पेन ड्राईव्ह, मोबाईल, कार्ड रीडर कंपनीच्या मशीनला लावू नका. चार्जिंगसाठी भिंतीतला सॉकेट वापरा.

• तुमचं लॉगिन दुसऱ्याला देऊ नका. शिफ्ट संपली की लॉगआऊट करा. तुमच्या नावावर दुसऱ्याने काही केलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

• पार्किंगमध्ये सापडलेला पेन ड्राईव्ह लावून बघू नका.

• स्क्रीन आपोआप हलणं, मशीन अचानक सावकाश होणं, फाईलींची नावं बदलणं, ओळखीचा प्रोग्रॅम न उघडणं, असं काही दिसलं की लगेच सुपरवायझरला सांगा.

• चूक झाली असेल तरी सांगा. दहा मिनिटांत सांगितलं तर एक कॉम्प्युटर जाईल, भीतीने दिवसभर लपवलं तर सगळं युनिट जाईल.

आणि मालकांनाही हात जोडून सांगणं आहे. सांगणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी घरी बसवलं, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. तपास होईपर्यंत कोणावर ठपका ठेवू नका.

घडलंच तर पहिल्या तासात काय?

१. आधी माणसांची सुरक्षा. चालू मशीन, भट्टी किंवा बॉयलर असेल तर नेहमीच्या पद्धतीने, जबाबदार माणसाच्या सांगण्यावरूनच थांबवा. घाबरून मेन स्विच पाडू नका.

२. बाधित कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. बाकीचे कॉम्प्युटरही नेटवर्कपासून तोडा. बॅकअपची हार्डडिस्क जोडलेली असेल तर लगेच काढा.

३. स्क्रीनवरच्या चिठ्ठीचा मोबाईलने फोटो काढा. वेळ लिहून ठेवा. काही डिलीट करू नका, घाईने फॉरमॅट मारू नका. पुरावा आणि फाईली परत मिळण्याची आशा, दोन्ही जातात.

४. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करा. सायबर क्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील तर १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकं चांगलं, आणि बँकेलाही कळवा.

५. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कंपन्यांनी कळवायचं आहे. हेल्पलाईन नंबर १८०० ११ ४९४९. या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर व्हायरस काढण्याची काही साधनं फुकट मिळतात.

६. खंडणी देण्याची घाई करू नका. पैसे दिल्यावर चावी मिळेलच याची खात्री नसते. नॉटपेट्यामध्ये तर पैसे भरून काही परत मिळण्याची सोयच नव्हती. युरोपच्या पोलीस यंत्रणेने इतरांसोबत २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला आहे. काही रॅन्समवेअरच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. सगळ्या नाही, पण आधी तिथे बघावं.

७. कॉम्प्युटर पूर्ण साफ करून, फट बुजवून, सगळे पासवर्ड बदलून मगच बॅकअप टाका. नाहीतर चांगला बॅकअपही पुन्हा अडकतो.

८. ग्राहक कंपनीला स्वतःहून कळवा. उशिरा दुसऱ्याकडून कळलं तर ऑर्डरसोबत विश्वासही जातो.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

साखर कारखान्याचा वजनकाटा कॉम्प्युटरवर, उसाची नोंद कॉम्प्युटरवर, डेअरीतलं फॅट आणि लिटर कॉम्प्युटरवर. गाळपाच्या भर हंगामात वजनकाटा किंवा गव्हाण दोन दिवस बंद राहिली तर गाडीतला ऊस वाळतो आणि वजन शेतकऱ्याचं घटतं. दूध तर तेवढंही थांबत नाही. म्हणून कारखान्याच्या आणि दूध संघाच्या सभासदांनी वार्षिक सभेत एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या नोंदींचा बॅकअप कुठे ठेवला आहे आणि तो शेवटचा कधी उघडून बघितला?

आता त्या युनिटमध्ये काय आहे?

माझ्या पुतण्याच्या युनिटमध्ये आता दोन हार्डडिस्क आहेत. एक मंगळवारी लागते, एक शुक्रवारी, आणि काम झालं की दोन्ही निघतात. एक कपाटात राहते, एक मालकाच्या घरी. ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं आहे. मशीनजवळ मराठीत पाटी आहे, पेन ड्राईव्ह लावू नये. आणि ज्याच्यावर संशय घेतला होता, त्या माझ्या पुतण्याकडेच आता हार्डडिस्क लावायचं आणि काढायचं काम दिलं आहे. त्याची वही तो मला दाखवतो, तारीख, वेळ आणि सही.

तुमच्या घरातलं कोणी कंपनीत असेल तर हा लेख त्याला पाठवा. आणि तुमचं स्वतःचं वर्कशॉप किंवा संकलन केंद्र असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा : बॅकअपची हार्डडिस्क कॉम्प्युटरच्या मागे लावलेली आहे का बघा. असेल तर काढून कपाटात ठेवा.